गाडीखाली शिरण्याआधी

पावसाळा सरला की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. जून ते सप्टेंबर 'गाडीत पाणी शिरलं', 'ब्रेक किंचाळतात', 'काचा धुरकटतात'. ऑक्टोबर लागला की 'घरच्या घरी काय काय करता येईल?' या वेळी निम्मी पत्रं एकाच गोष्टीवर आली आहेत, गाडी घरी उचलायची कशी. मी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडला शिल्प निदेशक होते. नव्या मुलांच्या हातात पाना देण्याआधी त्यांना जॅक, स्टँड (उचललेली गाडी जिच्यावर टेकवतात ती लोखंडी घोडी) आणि लाकडी ठोकळे मांडायला लावायचे. मुलं वैतागायची, 'मॅडम, इंजिन कधी खोलायचं?' म्हणायची. तेच आता तुमच्यावर करते आहे. कोपरखैरण्याच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात सगळ्यांचे प्रश्न आले आहेत.

प्रश्न : माझी 2016 सालची पेट्रोल वॅगनआर आहे. पुढच्या डाव्या चाकामागचं प्लॅस्टिक पावसात सुटलं आणि आता टायरला घासतं. शिवाय या खेपेला इंजिन ऑइलही स्वतःच बदलावं म्हणतो, व्हिडिओ बरेच पाहिलेत. गाडीसोबत आलेला जॅक आहे. शेजारच्या फ्लॅटचं काम चालू आहे, तिथले राखाडी ब्लॉक आणून दोन्ही बाजूंना लावले आणि मग खाली शिरलो तर चालेल ना? पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत.
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नाही चालणार. ब्लॉकचं नंतर बोलू, आधी कामाचं बोलू. तुम्ही दोन कामं एका दमात लिहिलीत, पण त्यातल्या एकासाठी गाडीखाली शिरायची गरजच नाही.

चाकामागचं प्लॅस्टिक क्लिपांवर आणि दोन-चार स्क्रूंवर असतं. आधी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून बघा. बऱ्याचदा एवढ्यानेच हात आत जातो आणि गाडी उचलावीही लागत नाही. नाहीच गेला तर चाक काढा, बाहेर बसून काम करा. तुटलेल्या क्लिपा बदला, तारेने बांधू नका. तार गंजते, तुटते आणि तिचं टोक टायरकडेच वळतं. चाक काढलेलं असताना ते आडवं करून दारांखालच्या कडेच्या आत सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी जमिनीवर न येता चाकावर येईल. रिमला ओरखडा जाईल, जाऊ दे. आणि नट घरंगळत गाडीखाली गेला तर हात घालायचा नाही. झाडूच्या दांड्याने ओढून घ्यायचा. मुलं नेमकी इथे चुकायची. 'एक सेकंदाचं तर काम' म्हणत खांद्यापर्यंत आत जायची.

इंजिन ऑइलचं काम मात्र खालूनच करावं लागतं, आणि तिथे गाडीसोबतचा कात्रीसारखा जॅक अजिबात उपयोगाचा नाही. तो बनवलाय स्टेपनी लावण्यापुरता. त्याचा तळ तळहाताएवढा, डोकं दोन बोटांचं, आणि सगळा भार एका स्क्रूवर. सरळ खाली येणारं वजन तो उचलतो, पण गाडी थोडीशी पुढेमागे हलली तरी आडवा होतो. गॅरेजचा हायड्रॉलिक जॅक दणकट असतो, पण तोही नुसता उचलण्यासाठीच. आतली सील झिजली की तेल परतायला लागतं आणि गाडी आवाज न करता खाली बसत जाते. म्हणून जॅक कुठलाही असो, त्याच्या भरवशावर अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली जाता कामा नये.

आता तुमचे ब्लॉक. नवी मुंबईत जिथे तिथे फ्लॅटची तोडफोड चालू असते, त्यामुळे हे हलके राखाडी ब्लॉक फुकट मिळतात. ते भिंतीसाठी उत्तम, कारण भिंतीचं वजन ब्लॉकच्या पूर्ण तोंडावर सारखं पसरतं. गाडीचं तसं नाही. हिशेब करून बघा. तुमच्या रिकाम्या गाडीचं वजन साधारण 850 ते 900 किलो. इंजिन पुढे असल्याने त्यातलं सुमारे 60 टक्के पुढच्या चाकांवर, म्हणजे एका कोपऱ्यावर अडीचशे किलोच्या वर. दारांखालची पत्र्याची उभी कड चार मिलिमीटर जाड धरा आणि ती ब्लॉकवर पाच सेंटिमीटर टेकली असं समजा. अडीचशे किलो दोनशे चौरस मिलिमीटरवर आले, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर 12 न्यूटनहून जास्त (दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा जोर). हे हलके ब्लॉक साधारण तीन ते पाच न्यूटनला चिरडतात. वर फळी टाकली तर दाब पसरेल हे खरं, पण ठिसूळ वस्तू दाबाखाली आधी वाकत नाही, की खबर देत नाही. ती एकदम फुटते. लाल विटेचं आणि सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही हेच. लाकडाचा भरीव ठोकळा दबतो, कुरकुरतो, तुम्हाला बाहेर यायला वेळ देतो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती शेवटच्या वाक्याची. लोक जॅक किती टनाचा हे दहादा विचारतात, जॅकखाली काय आहे हे विचारत नाहीत. पेव्हर ब्लॉक बारीक कचेवर नुसते मांडलेले असतात. पावसाळ्यानंतर त्यांच्या खालची कच कुठे कुठे वाहून गेलेली असते आणि वरून काहीच कळत नाही. अशा जागी जॅक लावला तर एकच ब्लॉक खाली दबतो आणि जॅक तिरपा होतो, उंच टाचेची चप्पल ओल्या मातीत जाते तसा. म्हणून 18 मिलिमीटरचा प्लायवूडचा दीड फुटी चौकोनी तुकडा कायम डिकीत ठेवा. जॅक त्यावर, स्टँडही तसल्याच तुकड्यावर. उन्हाळ्यात डांबर मऊ पडतं, तिथेही हाच उपाय. ड्रेनेजच्या चेंबरच्या झाकणावर किंवा गटाराच्या जाळीवर जॅक लावू नका, खाली प्लायवूड असला तरी.

आणि उतार. आपल्याकडच्या स्टिल्ट पार्किंगची जमीन पाणी वाहून जावं म्हणून जाळीकडे किंचित उतरती केलेली असते. डोळ्याला ती सपाट दिसते. गोल पेन्सिल खाली ठेवा. घरंगळली तर ती जागा सोडा. रॅम्पच्या तोंडाशी तर गाडी उचलूच नका.

जमीन पाहिली, आता गाडी हलणार नाही हे पाहायचं. 'हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली, झालं' असं सगळे म्हणतात. छोट्या गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. गिअरमधलं बंद इंजिन फक्त पुढच्या चाकांना धरतं, कारण आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ओढण्याचं काम पुढची चाकं करतात. आता पुढचं एक चाक हवेत गेलं तर काय होतं? दोन्ही पुढच्या चाकांमध्ये डिफरन्शियल असतो, म्हणजे त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. जमिनीवरचं चाक फिरू लागलं की हवेतलं उलटं फिरतं, आणि इंजिनाची पकड सुटते. म्हणजे पुढचं चाक उचललंत की गाडी निव्वळ हँडब्रेकवर उभी, आणि हँडब्रेकची केबल सैल असेल तर कशावरच नाही. मागची दोन्ही चाकं उचलली तर उलट, हँडब्रेक असून नसल्यासारखा. म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून अशा दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावा. दगड चालेल, पण गोल नको. नारळ ठेवणारेही पाहिलेत मी, त्यांना काय म्हणावं! एएमटी, म्हणजे क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीला 'पी' (पार्किंगचा गिअर) नसतो, ती बंद करताना गिअरमध्येच ठेवा.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल, ऑइल बदलणं गॅरेजलाच द्यावं. तसं नाही. ऑइल बदलायचं तर माझ्या मते स्टँडपेक्षा रॅम्प बरा. दोन छोटे लोखंडी रॅम्प मिळतात. पुढची चाकं त्यांवर चढवायची, गाडी स्वतःच्या चाकांवरच उभी राहते आणि जॅकचा संबंध येत नाही. गुळगुळीत लाद्यांवर रॅम्प पुढे सरकतात, तुमच्या पेव्हरवर ते नीट बसतील. मात्र ते ब्लॉक भक्कम बसलेले आहेत ना हे पायाने दाबून पाहा. चढवताना बाजूला उभं राहून कोणीतरी सांगायला हवं. बाजूला, समोर नाही. चढल्यावर हँडब्रेक, गिअर आणि मागच्या चाकांना पाचर.

स्टँडच लावायचे असतील तर मुळात एक अडचण आहे, जी व्हिडिओत दाखवत नाहीत. दारांखालच्या कडेवर दोन खाचांच्या मध्ये जी मजबूत जागा असते तिथे जॅक लागला, तर स्टँड कुठे लावणार? जागा तर एकच. म्हणून ट्रॉली जॅक (गॅरेजचा चाकांवरचा हायड्रॉलिक जॅक) समोरून, सस्पेन्शन ज्या जाड फ्रेमला जोडलेलं असतं तिच्याखाली लावायचा, दोन्ही बाजू एकदम उचलायच्या आणि कडेच्या त्या दोन जागा स्टँडसाठी मोकळ्या ठेवायच्या. तुमच्या गाडीत ही फ्रेम नेमकी कुठे धरायची हे मॅन्युअलमध्ये किंवा ओळखीच्या मेकॅनिककडून समजून घ्या. तिच्या शेजारीच ऑइलचा चेंबर आणि गिअरबॉक्स असतो. चेंबरवर जॅक लागला तर ऑइल बदलायचं काम वेगळ्याच तऱ्हेने पूर्ण होईल. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या बारीक नळ्या खालून गेलेल्या असतात, त्या दिसेपर्यंत टॉर्च मारा. सीएनजी गाडीत आणखी एक नळी असते, आणि डिकीतल्या टाकीमुळे मागचं वजनही बरंच वाढलेलं असतं, हे मागून उचलताना ध्यानात ठेवा.

स्टँडचा दात किंवा पिन पूर्ण बसली का पाहा, मग जॅकचा व्हॉल्व्ह हळूहळू सोडत गाडी स्टँडवर येऊ द्या. आता बाहेर उभं राहून गाडीला बंपरजवळून दोन्ही हातांनी दणकून हलवा. हळुवार नाही, चांगली हलवा. पडायची असेल तर आत्ताच पडू दे, तुम्ही खाली नसताना. नाही हलली तर जॅक पुन्हा नुसता टेकेल इतका वर घेऊन तसाच ठेवा. आणि गाडी स्टँडवर सोडून चहाला वर जाऊ नका. पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळतात, चेंडू गाडीखालीच जातो, आणि चेंडूच्या मागे पोरगं.

प्रश्न : रात्री ऑफिसातून परतताना घोडबंदर रोडवर गाडी पंक्चर झाली. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता, पण नट जागचे हलले नाहीत. शेवटी एका रिक्षावाल्या काकांनी पान्यावर उभं राहून ते सोडवले. बाईमाणसाच्या ताकदीचं हे काम नाहीच का?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : ताकदीचा यात फारसा संबंध नाही. प्रश्न पान्याच्या लांबीचा आणि टायरच्या दुकानातल्या गनचा आहे.

छोट्या गाडीचा चाकाचा नट साधारण 100 न्यूटन-मीटरला (हे पिळाच्या जोराचं माप) आवळायचा असतो. गाडीगणिक आकडा थोडा वरखाली होतो, तुमच्या गाडीचा मॅन्युअलमध्ये मिळेल. गाडीसोबत मिळणारा पाना जेमतेम 25 सेंटिमीटरचा. म्हणजे टोकाला 40 किलोचा जोर लागतो. पाना 50 सेंटिमीटरचा असेल तर 20 किलो पुरतात. हे झालं नीट आवळलेल्या नटाचं. कंप्रेसरच्या गनने 'टर्रर्र' करत आवळलेला नट याच्या बराच पुढे गेलेला असतो, त्यात पावसाळ्याचा गंज. काकांनाही पान्यावर उभं राहावं लागलं ते उगीच नाही. तेव्हा लांब दांड्याचा, ओढून मोठा होणारा पाना विकत घ्या. आणि टायरच्या दुकानात सांगा, शेवटचा आवळ गनने नको, हाताच्या पान्याने द्या. दुकानदार तोंड वाकडं करेल. तुम्ही पैसे द्यायच्या आधी सांगा.

नट सोडवायचे ते गाडी जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा. उचलल्यावर जोर लावलात तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून ढकलली जाते. पान्याचा दांडा डावीकडे, जमिनीला समांतर ठेवा आणि एका हाताने गाडीचं छत धरून पायाने खाली दाबा. अंगाचं वजन काम करतं, दंड नाही. आवळताना मात्र पान्यावर उभं राहायचं नाही. 60 किलोचं माणूस त्या आखूड पान्यावर उभं राहिलं की नटावर जवळपास 150 न्यूटन-मीटर येतात, आणि पुढच्या पंक्चरला पुन्हा रिक्षा थांबवावी लागते. हाताने दाबून आवळा, समोरासमोरचे नट आळीपाळीने. नटाची निमुळती बाजू चाकाकडे. आधी गाडी हवेत असताना बेताने, मग खाली उतरवल्यावर पक्के. पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर परत एकदा तपासा.

जॅकचं हँडल सुरुवातीला जड लागतं ते साहजिकच आहे. कात्री मिटलेली असताना स्क्रूवर सगळ्यात जास्त ताण येतो, वर जाईल तसं ते हलकं होतं. वर्षानुवर्षं डिकीत पडलेल्या जॅकचा स्क्रू कोरडाठाक असतो. त्यावर ग्रीसचा हात फिरवा, निम्मी कुरकुर तिथेच थांबेल.

पण तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते. घोडबंदर रोडवर रात्री चाक बदलूच नका. जेएनपीए बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर त्याच रस्त्याने जातात, आणि उजवं चाक बदलताना तुमची पाठ त्यांच्याकडे असते. धोक्याचे दिवे लावा आणि चालत्या माणसाच्या वेगाने सर्व्हिस रोडपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत गाडी न्या. टायर फाटेल. फाटू द्या, नवा मिळतो. पंपावर सपाट काँक्रीट असतं, उजेड असतो, माणसं असतात. हे जमणारच नसेल तर धोक्याचा लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा, सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करा आणि मदत बोलवा.

एका रविवारी सकाळी, उजेडात, आपल्याच पार्किंगमध्ये चारही नट एकदा सोडवून परत आवळून बघा. त्याच वेळी स्टेपनीतली हवाही बघा. ती नसतेच.

प्रश्न : धुलाई केंद्रातून गाडी आणल्यावर पाहिलं तर दाराखालची पत्र्याची कड दोन ठिकाणी दुमडली आहे. परवा जॅक लावला तेव्हा कर्रकर्र आवाज आला. काही बिघडेल का?
— एक वाचक, सानपाडा

उत्तर : कडेवरच्या दोन खाचांच्या मध्ये पत्र्याला आतून जास्तीचा जोड दिलेला असतो. खाचांच्या बाहेर ती नुसती दोन-तीन पत्र्यांची एकत्र वेल्ड केलेली पट्टी. लिफ्टचा हात घाईत तिथे लागला की ती दुमडते. थोडी दुमडली असेल तर डेंटिंगवाला पकडीने सरळ करून देईल. वर लगेच रंग आणि अंडरकोटिंग मारून घ्या, कारण दुमडल्या जागी रंग तडकतो आणि आपल्याकडे खाडीची दमट हवा बाराही महिने असते.

आवाजाची मात्र दखल घ्या. खाचांमधल्या जागेवर स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर देऊन टोचून पाहा. खण्ण वाजलं तर ठीक. पापुद्रे निघाले किंवा टोक आत गेलं तर त्या बाजूला जॅक लावू नका. आत कुजलेला पत्रा गाडीचं वजन घेत नाही, जॅक सरळ आत घुसतो. आधी पत्र्याचं काम करा. कडेसाठी मधोमध खाच असलेला रबरी ठोकळा मिळतो, तो ट्रॉली जॅकच्या वाटीत ठेवला तर नवीन दुमड पडत नाही. आणि पुढच्या वेळी धुलाई केंद्रात गाडी लिफ्टवर चढेपर्यंत शेजारी उभं राहा.

प्रश्न : स्टँड घ्यायचे आहेत. दोन टनांचे घ्यावेत की तीन? बाटलीसारखा जॅक स्वस्त मिळतोय, तो घेऊ का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : छोट्या गाडीचं वजन टनाच्या आसपास, त्यामुळे दोन टनांची जोडी पुरे. तीन टनांची घेतलीत तर तळ रुंद मिळतो, एवढाच फायदा, आणि मला तो आवडतो. टनांपेक्षा तळाकडे आणि वेल्डिंगकडे बघा. लिहिलेली क्षमता एका स्टँडची की जोडीची, हे दुकानदाराला विचारू नका, स्टँडवर वाचा. चार पायांतला एक जरी डगमगत असेल तर परत ठेवा. ज्यात आडवी पिन आरपार जाते ते स्टँड दातांवाल्यांपेक्षा मला जास्त भरवशाचे वाटतात, कारण पिन बसली की नाही हे लांबूनही दिसतं. दातांवाले घेतले तर खिटी पूर्ण अडकली का ते वाकून पाहायची सवय लावा.

दुकानात जाताना मोजपट्टी न्या. हे कोणी करत नाही. स्टँड सगळ्यात खाली असतानाची उंची मोजा, आणि जॅक सगळ्यात वर गेल्यावरची. जॅक त्या स्टँडच्या चार बोटं तरी वर जायला हवा, नाहीतर घरी आणल्यावर कळतं की गाडी उचलली पण खाली स्टँड सरकतच नाही. मग लोक जॅकखाली विटा लावतात, आणि आपण पुन्हा कोपरखैरण्याच्या पत्रावर येतो.

बाटली जॅक ट्रकवाल्यांचा. मिटलेला असतानाच तो बऱ्याचदा एवढा उंच असतो की वीतभर ग्राउंड क्लिअरन्स असलेल्या छोट्या गाडीखाली जात नाही, त्यात टायर बसलेला असेल तर गाडी आणखी खाली. तळही अरुंद. स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. एक चांगला ट्रॉली जॅक घ्या, सोसायटीत चौघांनी मिळून घेतला तरी चालेल. मुंबईला जाणं होत असेल तर नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा. तिथे दहा प्रकार हातात घेऊन बघता येतात, ऑनलाइन फोटोत वेल्डिंग दिसत नाही.

प्रश्न : आमची नवी इलेक्ट्रिक हॅचबॅक आहे. तीही अशीच उचलायची का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : कडेच्या खुणा केलेल्या चार जागांवरूनच, एक मिलिमीटरही आत नाही. दोन्ही कडांच्या मधली जवळजवळ सगळी जागा बॅटरीच्या पेटीने व्यापलेली असते. तिच्यावर जॅक टेकला तर नुकसान बाहेरून दिसेलच असं नाही. गाडी त्याच मापाच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते, म्हणून जॅकची क्षमता पुन्हा पाहा. खालून नारिंगी वेष्टणाच्या जाड वायरी दिसल्या तर त्यांना हात लावायचा नाही. चाक बदलण्यापलीकडचं खालचं काम सर्व्हिस सेंटरलाच द्या. तुमच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, त्यामुळे खाली जायला कारणंही फार नाहीत. बरेचदा या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर किट मिळतो, तुमच्याकडे काय आहे ते डिकी उघडून आजच पाहा.

प्रश्न : सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमध्ये गाडीचं काम करू देत नाहीत. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी दुरुस्त करायलाही परवानगी?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : चाक बदलायला कोणी अडवत असेल तर तो अतिरेक आहे. चाक बदलणं ही दुरुस्ती नव्हे. पण ऑइलच्या बाबतीत मी सेक्रेटरींच्या बाजूने आहे. स्टिल्टमध्ये सांडलेलं तेल जाळीतून पावसाळी नाल्यात जातं आणि आपले नाले ठाणे खाडीला मिळतात. त्याच खाडीत 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये तिला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि अभयारण्याचं माहिती केंद्र तर तुमच्या ऐरोलीतच आहे. मुलांना तिथे फ्लेमिंगो दाखवायचे आणि खाली पार्किंगमध्ये तेल जाळीत सोडायचं, हे जमत नाही.

सेक्रेटरींना एक कागद लिहून द्या. काम रविवारी सकाळी, आपल्याच जागेत, खाली जुना फ्लेक्स आणि रुंद घमेलं, गाडी उचललेली असेपर्यंत तुम्ही तिथून हलणार नाही, आणि शेजारच्या जागेत पाय पसरणार नाही. जुनं तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून नेहमीच्या गॅरेजला द्या. वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं, पण गॅरेजवाले ते साठवून पुढे देतात, नाही म्हणत नाहीत. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवा, मग तोही त्यांनाच. सांडलंच तर पाणी ओतू नका, लाकडाचा भुसा टाका, तासाभराने गोळा करा. भुसा तुमच्या फर्निचरवाल्याकडे फुकट मिळेल.